नाळेत राहते आईच्या ताटाची खूण : कॅरन लिलिक्रॉप यांचं संशोधन आणि त्याचा मुंबई-पुण्यापर्यंत आलेला धागा

गावाकडं बाळाची नाळ जपून पुरायची रीत आहे. कुणी अंगणात पुरतं, कुणी परसात. "माझी नाळ या मातीत पुरलीय, मी कुठं जाऊ?" असं म्हणणारी म्हातारी माणसं आजही प्रत्येक गावात भेटतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन नावाचं शहर आहे. तिथल्या डॉक्टरांनी काही बाळांच्या नाळेचे तुकडे पुरले नाहीत, फेकलेही नाहीत. ते गोठवून ठेवले. ती बाळं मोठी होऊन नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या अंगात चरबी किती आहे ते यंत्रावर मोजलं, आणि ते आकडे त्या जुन्या नाळेच्या तपासणीशी ताडून पाहिले.

२०११ साली त्याचा निकाल छापून आला. जन्माच्या दिवशी नाळेतल्या काही जनुकांवर ज्या रासायनिक खुणा होत्या, त्यावरून नऊ वर्षांनंतरच्या चरबीचा बराचसा अंदाज लागत होता. मुलामुलांमध्ये चरबीचा जो कमी-जास्तपणा होता, त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग त्या खुणांशी जुळत होता. आणि त्यातली एक खूण आईनं गरोदरपणाच्या सुरुवातीला काय खाल्लं होतं याच्याशीही जुळत होती.

या कामात खुणा वाचण्याची बाजू ज्यांच्या प्रयोगशाळेची, त्या प्राध्यापक कॅरन लिलिक्रॉप. साउदॅम्प्टन विद्यापीठात त्या एपिजेनेटिक्स हा विषय शिकवतात. नाव अवघड आहे, विषय मात्र आपल्या घरातलाच आहे. घरातल्या सुनेच्या, लेकीच्या ताटात काय पडतं, आणि कधी पडतं, त्याचा हा विषय.

दारं धरायला गेलेल्या माणसाला हे लवकर कळेल

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. डीएनए म्हणजे शरीर कसं बांधायचं आणि कसं चालवायचं याचं लिखाण. त्यातला एकेक कामाचा तुकडा म्हणजे जनुक, ज्याला इंग्रजीत जीन म्हणतात. डोळ्याच्या पेशीत तोच डीएनए, लिव्हरच्या पेशीत तोच. मग डोळा डोळा का होतो आणि लिव्हर लिव्हर का?

शेतात पाणी देताना काय होतं ते आठवा. विहिरीवरून पाट एकच येतो, वाफे अनेक असतात. ज्या वाफ्याचं तोंड उघडं त्यात पाणी जातं. ज्याच्या तोंडाशी खोऱ्यानं माती लावली तो कोरडा राहतो. रान तेच, पाट तोच, पाणी तेच. दारं कोणती उघडी ठेवली यावर सगळं.

पेशीतही असंच आहे. डोळ्याच्या पेशीत डोळ्याच्या कामाची जनुकं उघडी असतात, बाकीच्यांच्या तोंडाशी 'माती' लावलेली असते. ही माती म्हणजे मिथाइल नावाचा एक अगदी छोटा रासायनिक गट. तो जनुकाच्या तोंडाशी चिकटला की बहुतेक वेळा ते जनुक मंदावतं किंवा बंद पडतं. याला मिथायलेशन म्हणतात. डीएनएचं लिखाण न बदलता दारं उघडण्या-मिटण्याचा हा जो सगळा कारभार आहे, त्याचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. मिथायलेशन ही त्यातली एक रीत, आणखीही आहेत.

आता ही माती येते कुठून? अन्नातून. फॉलिक ॲसिड, बी१२ जीवनसत्त्व, कोलीन असे काही घटक शरीरात मिथाइल तयार करायला लागतात. फॉलेट पालेभाज्या आणि डाळी-कडधान्यांत असतं. बी१२ मात्र दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच. भाजीपाल्यात ते जवळपास नसतं.

अन्नानं दारं बदलतात याचा सगळ्यात सोपा दाखला बांधावरच्या मधाच्या पोळ्यात आहे. राणीमाशी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून येतात. सुरुवातीचे तीन-एक दिवस सगळ्याच अळ्यांना राजान्न मिळतं, म्हणजे रॉयल जेली. पुढं जिला राणी करायचं तिला तेच चालू राहतं, बाकीच्यांना मध-परागाचं खाणं. खाण्यातल्या एवढ्या फरकानं एक अंडी घालणारी राणी होते आणि बाकीच्या राबणाऱ्या होतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अळ्यांमधलं मिथाइल चिकटवणारं यंत्रणेचं एक जनुक दाबून टाकलं. तेव्हा राजान्न चालू न ठेवताही बऱ्याच अळ्यांच्या राण्या झाल्या. म्हणजे खाण्याचा परिणाम जनुकांच्या दारांवाटे होत होता.

सुरुवात एका लपून बसणाऱ्या विषाणूपासून

लिलिक्रॉप पोषणतज्ज्ञ नाहीत, त्या मूळच्या मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. म्हणजे पेशीच्या आत रेणूंच्या पातळीवर काय चालतं ते पाहणाऱ्या. १९९०च्या आसपास लंडनमध्ये डेव्हिड लॅचमन यांच्या गटात काम करताना त्यांचा विषय होता हर्पिसचा विषाणू. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे फोड उठतात, ते बहुतेक वेळा याच विषाणूचे. फोड बरे होतात, पण विषाणू जात नाही. तो मज्जातंतूच्या पेशीत जाऊन वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि पुन्हा कधीतरी उठतो. तो गप्प का बसतो? १९९१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मज्जापेशीतलं एक प्रथिन विषाणूची सुरुवातीची जनुकं दाबून धरतं.

विषय कुठला आणि कुठं, असं वाटेल. पण प्रश्न तोच आहे. लिखाण तर आहे, मग ते वाचलं का जात नाही? कोण दाबून धरतं? पुढं साउदॅम्प्टनला हाच प्रश्न त्यांनी पोटातल्या बाळाला लावला.

साउदॅम्प्टनच का, यालाही कारण आहे. तिथं डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर होते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर जिल्ह्यात १९११ पासून सुईणी आणि परिचारिका घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. आपल्याकडं अंगणवाडीत वजनाचं रजिस्टर असतं तसंच. बार्कर यांना त्या जुन्या वह्या हाती लागल्या. त्यांच्या गटानं त्यातली माणसं शोधली. कोण जगलं, कोण गेलं, कशानं गेलं. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जन्माला आणि पहिल्या वर्षाला ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात पुढं हृदयविकारानं मरणारे जास्त निघाले. त्या काळात लोकांना हे पटेना. पन्नाशीतला हार्टॲटॅक आणि पाळण्यातलं वजन यांचा काय संबंध?

संबंध दिसत होता, पण तो पोचतो कसा हे बार्कर यांना दाखवता येत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं शरीर ती आठवण कुठं ठेवतं? हे कोडं लिलिक्रॉप यांच्यासारख्या रेणू पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलं.

पोट भरलं, पण प्रथिनं निम्मी

लिलिक्रॉप आणि पोषणशास्त्राचे अभ्यासक ग्रॅहम बर्ज यांनी गाभण उंदरिणींवर प्रयोग केला. २००५ साली तो प्रसिद्ध झाला. तीन गट केले. एका गटाच्या खाण्यात १८ टक्के प्रथिनं. दुसऱ्या गटात ९ टक्के, बरोब्बर निम्मी. तिसऱ्या गटातही ९ टक्केच, पण सोबत जादा फॉलिक ॲसिड. उपाशी कुणालाच ठेवलं नाही. पोट भरत होतं, फक्त प्रथिनं कमी होती. आपल्याकडं भाकरी-चटणी खाऊन पोट भरतं, पण डाळ पातळ आणि दूध डेअरीला, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. हे खाणं फक्त गाभणपणात दिलं. पिल्लं झाल्यावर सगळ्यांना सारखंच चांगलं खाणं. म्हणजे पिल्लांना जन्मल्यावर काही कमी पडलं नाही.

दूध तुटल्यावर पिल्लांची लिव्हर तपासली. कमी प्रथिनं खाल्लेल्या आईच्या पिल्लांमध्ये दोन महत्त्वाच्या जनुकांच्या तोंडाशी असलेली मिथाइलची माती सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. त्यातलं एक जनुक चरबी जाळण्याचा कारभार पाहतं, दुसरं ताणाच्या हार्मोनचा हुकूम ऐकतं. दारं मोकळी झाली आणि दोन्ही जनुकं गरजेपेक्षा जास्त चालू लागली. पिल्लू पोटात असतानाच जणू दुष्काळाची तयारी करून आलं होतं. बाहेर दुष्काळ असेल तर अशा तयारीचा उपयोग होतो. बाहेर ताट भरलेलं असेल तर तीच तयारी अंगलट येते.

तिसऱ्या गटाचं काय झालं? प्रथिनं कमी असूनही ज्यांच्या आईला फॉलिक ॲसिड जादा मिळालं होतं, त्या पिल्लांमध्ये हा बदल झालाच नाही. या निकालामुळं जगभरात या कामाची दखल घेतली गेली. बिघाड का होतो हे तर कळलंच, तो थांबवता येतो हेही दिसलं.

२००७ मध्ये पुढचा निकाल आला. त्या पिल्लांतल्या माद्या मोठ्या झाल्या. त्यांच्या गाभणपणात त्यांना पूर्ण खाणं दिलं. तरी त्यांच्या पिल्लांमध्ये, म्हणजे पहिल्या उंदरिणीच्या नातवंडांमध्येही त्या जनुकांवरच्या खुणा बदललेल्या मिळाल्या. आजीच्या ताटातली कमतरता नातवापर्यंत. उंदरात, हे पुन्हा सांगायला हवं. माणसात पिढ्यान्‌पिढ्या असंच होतं असं छातीठोकपणे म्हणता येईल इतका पुरावा अजून नाही.

आणि फॉलिक ॲसिड म्हणजे कधीही कितीही घ्यावं असं औषध नाही, हेही याच गटानं दाखवलं. २००९ मध्ये त्यांनी आईऐवजी वयात येणाऱ्या पिल्लांना जादा फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. अपेक्षा होती की आधीचा बिघाड दुरुस्त होईल. झालं उलटंच. पिल्लांचं वजन जास्त वाढलं आणि रक्तातल्या चरबीचा कारभार बिघडला. ओल्या मातीचं दार हवं तसं वळवता येतं, वाळल्यावर तेच ढेकूळ हलवायला गेलं की भलतीकडं फुटतं. यावरून कुणी शाळेत मिळणारी गोळी बंद करू नये. उंदराला दिलेली मात्रा वेगळी आणि आपल्या मुलींचा रक्तक्षय हा प्रश्न वेगळा. खुराक किती यासोबत तो कधी मिळाला हेही बघावं लागतं, एवढंच त्यातून घ्यायचं.

मग माणसाकडं

उंदराचं लिव्हर काढून तपासता येतं, लहान मुलाचं नाही. माणसात अभ्यास करायचा तर रक्त, लाळ, नाहीतर नाळ. म्हणून त्या नाळेच्या तुकड्यांना एवढी किंमत.

साउदॅम्प्टनमध्ये १९९८ ते २००२ या काळात आणखी एक मोठं काम झालं. २० ते ३४ वयाच्या १२,५८३ बायकांची माहिती घेतली, आणि ती त्या गरोदर नसताना. काय खातात, वजन किती, काम काय करतात. पुढं त्यातल्या ज्यांना दिवस गेले, त्यांची तीन हजारांवर बाळं या अभ्यासात आली. दिवस जायच्या आधीची माहिती हाती असलेला असा अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झालाय. नऊ वर्षांच्या मुलांत जे दिसलं होतं, ते या दुसऱ्या अभ्यासातल्या सहा वर्षांच्या मुलांमध्येही एका जनुकाच्या बाबतीत पुन्हा दिसलं. 'आरएक्सआरए' असं त्याचं नाव. त्याच्या तोंडाशी मिथाइल जास्त, तर मुलात चरबी जास्त. एकदा दिसलेली गोष्ट दुसऱ्या गटात पुन्हा दिसली तरच शास्त्रात तिला वजन येतं.

जगात इतरत्रही अशा खुणा मिळत होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचं अन्न तोडलं. त्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या एका जनुकावर तब्बल साठ वर्षांनीही मिथायलेशन कमी असल्याचं २००८ मध्ये दिसलं. त्यांच्याच भावंडांशी तुलना करून हे पाहिलं होतं.

आफ्रिकेतल्या गांबियाचा दाखला तर आपल्याला जास्त जवळचा आहे. भुईमूग, बाजरी, भात पिकवणारा तो देश. तिथल्या खेड्यांत पावसाळा म्हणजे भुकेचा काळ. कणगीतलं धान्य संपत आलेलं, नवीन पीक यायचं, आणि शेतातलं काम मात्र सगळ्यात जास्त. आपल्या जुन्या माणसांना आषाढ-श्रावणातली ही ओढाताण माहीत आहे. पण त्याच दिवसांत तिथं हिरवा पालाही भरपूर मिळतो, आपल्या रानभाज्यांसारखा. तिथल्या मुलांची तपासणी केली तेव्हा पावसाळ्यात गर्भ राहिलेली आणि कोरड्या दिवसांत गर्भ राहिलेली मुलं यांच्या काही जनुकांवरच्या खुणा वेगळ्या निघाल्या. गर्भ राहिला त्या दिवसांत आईच्या रक्तात कोणती पोषकद्रव्यं किती होती, याच्याशी हा फरक जुळत होता.

मुंबईच्या वस्तीतला सामोसा

आता धागा महाराष्ट्रात येतो. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. रमेश पोतदार यांच्या गटानं २००६ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. ६,५१३ बायका त्यात आल्या. अर्ध्या बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक खाऊ द्यायचा, सामोसा किंवा टिक्कीसारखा. बाकीच्यांना तसाच दिसणारा, पण कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. गोळी-औषध काही नाही. आणि सुरुवात दिवस जायच्या आधीपासून.

निकाल सरळ लागला नाही. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात पक्का म्हणावा असा फरक पडला नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅम जास्त भरलं. त्यातही ज्या बायका आधीच फार हडकुळ्या होत्या त्यांच्या बाळांना फायदा दिसला नाही. ज्यांच्या अंगावर थोडं मांस होतं त्यांना जास्त दिसला. वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिलेल्या बाईला दिवस जायच्या आधी तीन महिने सामोसा देऊन भागत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. गरोदरपणातल्या मधुमेहात मात्र चांगला फरक होता. खाऊ खाल्लेल्यांत ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के.

हीच मुंबईची मुलं आणि गांबियाच्या एका तशाच प्रयोगातली मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली गेली. या अभ्यासाला 'एम्फसिस' नाव दिलं. हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्र सरकारच्या संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक, गांबियात काम करणारे अँड्र्यू प्रेंटिस, फॉल आणि लिलिक्रॉप असे सगळे त्यात आहेत. आईला मिळालेल्या खाऊनं मुलांच्या जनुकांची दारं बदलली का, हा प्रश्न. त्यांना मिळालेले फरक लहान होते. उंदरात दिसलं तसं ठसठशीत काही माणसात दिसलं नाही. संशोधकांनी ते तसंच छापलं.

पुण्याजवळची सहा गावं

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच साउदॅम्प्टनच्या मंडळींसोबत १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. शेतकरी घरातल्या बायका, दिवस जायच्या आधीपासून नोंद केलेल्या. तिथं जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. बाळं बारीक होती, पण मोजल्यावर निघालं की कमी होतं ते मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. 'बारीक पण चरबीचं बाळ' अशी याची ओळख जगभर झाली. आपल्याकडं बारीक दिसणाऱ्या माणसालाही चाळिशीत शुगर निघते, त्यामागचं एक कारण इथं असू शकतं.

याच अभ्यासात दुसरी गोष्ट कळली. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी१२ कमी होतं. फॉलेटची कमतरता मात्र क्वचितच. गरोदरपणात ज्यांचं बी१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा सगळ्यात जास्त दिसल्या. फॉलेट आणि बी१२ ही जोडी आहे, एका जुवाखालच्या बैलांसारखी. एक ताकदीचा आणि दुसरा मरगळलेला असला की गाडी तिरकी जाते. लिव्हर असो की मज्जारज्जू, मिथाइल तयार करायला दोघंही लागतात.

आणि याच गावांत असंही दिसलं होतं की ज्या आया गरोदरपणात पालेभाजी, फळं वारंवार खात होत्या, त्यांची बाळं अंगानं मोठी भरली.

आईला दोष देण्याआधी

या संशोधनाचा एक धोकाही आहे. आईच्या खाण्याचा बाळावर आयुष्यभर परिणाम होतो, असं एकदा छापून आलं की उद्या मुलाला शुगर झाली तर सासू सुनेकडं बोट दाखवणार. २०१४ साली काही अभ्यासकांनी 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात यावरच लेख लिहिला. आयांना गुन्हेगार ठरवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईच्या ताटात काय पडतं ते एकटी बाई ठरवत नाही. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, अंडी आणली तर ती कुणाच्या पानात जातात, दुधाचा कॅन डेअरीला जाताना घरात कपभर तरी राहतं का, हे घर ठरवतं. खुरपणीला कितव्या महिन्यापर्यंत जायचं हेही बऱ्याचदा घरच ठरवतं.

शिवाय खूण म्हणजे नशीब नव्हे. नाळेतल्या खुणांवरून अंदाज लागतो, पण तो गटाचा. अमक्याच मुलाला शुगर होणार असं सांगणारी तपासणी आज नाही. आणि 'गर्भाचा डीएनए सुधारतो' म्हणून कुणी पावडर किंवा काढा विकायला आला, तर त्याच्याकडं असा काही पुरावा नसतो. लिलिक्रॉप आणि त्यांच्यासारख्यांनी इतकी वर्षं घालूनही माणसात अशी कोणती पावडर चालते असं म्हटलेलं नाही.

पक्कं आहे ते वेळेचं. बाळाच्या मेंदू आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आपल्याकडं नाव नोंदवायला जाईपर्यंत दुसरा-तिसरा महिना लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं, पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत. फॉलिक ॲसिडनं मज्जारज्जूचे दोष कमी होतात, हे माणसात सिद्ध झालंय. त्यासाठी एपिजेनेटिक्सची वाट पाहायची गरज नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. यातल्या बऱ्याच मुली उद्याच्या आया आहेत. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा फुकट मिळते. सरकारी आणि अनुदानित शाळेत सहावी ते बारावीपर्यंत शाळेतच, आणि शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यायची. चहा लगेच प्यायचा नाही, त्यानं लोह कमी शोषलं जातं. गोळीत बी१२ नाही. ते दूध, दही, ताक, अंडी यांतूनच यायला हवं, आणि शुद्ध शाकाहारी घरात मुलीला थकवा, हातापायाला मुंग्या असं काही असेल तर आरोग्य केंद्रात डॉक्टरांना बी१२बद्दल विचारावं. लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच झालेल्या मुलीनं फॉलिक ॲसिडच्या गोळीबद्दल आशाताईला विचारायला दिवस जायची वाट पाहू नये. ती आधीही विचारता येते.